मरियमेची पाठ

माझी बायको रिफ्का गेली हे मला कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभा होतो आणि मरियमेची पाठ बघत होतो. पाठ म्हणजे भिंतीकडे तोंड केलेल्या तिच्या चित्रामागची प्लायवुडची कच्ची फळी. तिच्यावर तेलाचे डाग, कुठल्याशा दुकानाचा अर्धवट पुसलेला शिक्का आणि वर तारेचा फास. इस्पितळातून मी अंघोळीपुरता घरी आलो होतो. रिफ्काची लोकरी शाल घेऊन परत जायचं होतं, कारण तिथल्या खिडकीतून वारा येतो अशी तिची तक्रार होती. चहाचं पाणी ठेवलं होतं. फोन तेरेझाचा होता, रिफ्काच्या धाकट्या बहिणीचा. मागे कोणीतरी चाकांची गाडी ढकलत नेत होतं, ते ऐकू येत होतं. मी म्हटलं, "तेरेझा, बोल." ती म्हणाली, "वस्फी, शाल नको आणूस." मी गॅस बंद केला. पाणी अजून उकळलं नव्हतं. मग पुन्हा त्या फळीकडे पाहिलं, आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती दुःखाची नव्हती, संतापाची होती. आता हिला सरळ कोण करणार, असं माझ्या मनात आलं.

आमच्या शुब्रा वस्तीत देवाची, संतांची चित्रं आम्ही ख्रिस्ती लोक बैठकीच्या खोलीत लावतो, पाहुण्यांना दिसतील अशी. रिफ्काने ही स्वयंपाकघरात लावली, कारण दिवसभर ती तिथे असायची आणि मी बसवर. मी शहराच्या बसचा ड्रायव्हर, म्हणजे उस्ता, होतो. माझ्याही गाडीत उन्हाच्या पट्टीमागे घोड्यावरचा संत गिर्गिस खोचलेला असायचा आणि माझा कंडक्टर शाबान रोज सकाळी विचारायचा, "उस्ता, तुझा घोडेवाला आज गाडी चालू करून देणार, की मी उतरून ढकलू?" त्याची स्वतःची कुराणाची छोटी डबी आरशाला लोंबत असायची. मी म्हणायचो, "दोघं मिळून ढकलतील, तू तिकिटं फाड." पण मी त्या संताशी कधी बोललो नाही. तो तिथे होता, बस. रिफ्काचं तसं नव्हतं. ती मरियमेशी बोलायची. कांदा चिरता चिरता, मुलुखियाच्या पालेभाजीची पानं बारीक करता करता, बाजारभाव, पाठदुखी, वरच्या मजल्यावरच्या बाईने गाद्या झटकल्या ते सगळं तिला सांगायची. "बाई, तू पण आई आहेस, तुला कळायला हवं," अशी सुरुवात असायची. आणि काही मागितलेलं मिळालं नाही तर भांडायची. भांडण विकोपाला गेलं की चित्र खिळ्यावरून काढून, तोंड भिंतीकडे करून परत टांगायची. म्हणायची, "बघत बस आता चुना." पुढचा छोटा लाल दिवा मात्र लावायची. मी एकदा विचारलं, तोंड फिरवलंस तर दिवा कशाला? ती म्हणाली, भांडण झालं म्हणून कोणाला अंधारात बसवायचं नसतं. आमचा मुलगा अमगद बारावीच्या परीक्षेत तापाने फणफणला तेव्हा तिने सकाळी फिरवली आणि दुपारी ताप उतरल्यावर सरळ केली, ओढणीने काच पुसली आणि तोंड अगदी जवळ नेऊन काहीतरी बोलली. ते मला ऐकू आलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतंच.

हे चित्र मुस्तुरुदच्या, मरियमेच्या जत्रेतलं. अमगद तेव्हा तिच्या पोटात होता. ऑगस्टातली गर्दी, पाळणे, भाजलेले हरभरे, धूळ. चित्रवाल्याशी ती एवढी घासाघीस करत होती की तो म्हणाला, "ताई, ही मरियम आहे, टोमॅटो नाहीत." ती म्हणाली, "म्हणून तर थांबले. टोमॅटो असते तर या रंगाला हातही लावला नसता." छापील कागद फळीवर चिकटवलेला, वर काच, निळा रंग जरा जास्तच निळा. त्याच जत्रेत काही वर्षांनी तिने अमगदच्या मनगटावर क्रूस गोंदवून घेतला. गोंदणाऱ्याचं यंत्र घुर्र करत होतं, पोरगा किंचाळत होता, ती त्याचा हात मांडीत दाबून गात होती, आणि मी गूळदाण्याची पुडी घेऊन बाजूला उभा होतो. आमच्याकडे सगळ्यांच्या मनगटावर तो असतो. एकदा सुई आत गेली की नंतर तुमचं मत काय होतं ते तिला ऐकू येत नाही.

अमगदचं मत बदललं ते इंजिनियरिंगला असताना. लहानपणी पांढरा झगा घालून वेदीपाशी झांजा वाजवणारा मुलगा, त्याला मित्रांनी इंजीली, म्हणजे प्रोटेस्टंट, लोकांच्या एका सभेत नेलं आणि तो तिथलाच झाला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दारू नाही, सिगरेट नाही, बायकोही तिथलीच, निरमीन, चांगली मुलगी. पण घरी जेवायला आला की त्याची नजर भिंतींवरून फिरायची आणि जबडा घट्ट व्हायचा. शेवटी एकदा तोंडातून निघालंच. "आई, आज्ञा स्पष्ट आहे. आपल्यासाठी कोरीव मूर्ती करू नको, कशाची प्रतिमा करू नको, तिच्या पाया पडू नको. मी म्हणत नाही, सीनाय पर्वतावर देवानेच लिहून दिलंय." रिफ्का भात वाढत होती. म्हणाली, "मी कधी पाया पडले? माझे गुडघे वाकतात तरी का?" तो म्हणाला, "आई, ते लाकूड आहे." ती म्हणाली, "मला माहीत आहे लाकूड आहे. मीच वाहून आणलंय मुस्तुरुदहून, तुला पोटात घेऊन. तू बायकोशी फोनवर बोलतोस तेव्हा प्लास्टिकशी बोलतोस का रे?" निरमीन हसली आणि मग नवऱ्याकडे बघून तिने मान ताटात घातली. अमगद म्हणाला, "फोनच्या पलीकडे माणूस असतो." रिफ्काने त्याच्या ताटात अजून एक डाव भात घातला. "तेच तर म्हणतेय," म्हणाली.

भांडणं अशी हसण्यावारी जायची. त्यांची मुलगी जोआना झाल्यावर ते हसणं थांबलं. आमच्याकडे मुलीला तान्ही असतानाच चर्चमध्ये पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. त्यांच्या सभेत नाही देत. "मोठी होईल, समजेल, मग स्वतः ठरवेल," अमगद म्हणाला. रिफ्काने आधी त्याला विनवलं, मग निरमीनला, मग तेरेझाकरवी निरमीनच्या आईला. कोणी ऐकलं नाही. मग तिने मरियमेचा ऑगस्टातला उपास मीठ-पाण्यावर धरला, म्हणजे भाकरी, मीठ आणि पाणी, बाकी काही नाही. म्हाताऱ्या बायका नवसासाठी धरतात तसा. स्वतःच्या दुखण्यासाठी तिने कधी काही मागितलं नव्हतं. पोटात दुखत होतं तरी त्याबद्दल ती मरियमेला काही बोलली नाही, मलाही नाही. मागितलं ते त्या पोरीसाठी. उपास सुटला त्या सणाच्या दिवशी आम्ही अमगदकडे गेलो. रिफ्काने पुन्हा विचारलं. अमगद शांतपणे म्हणाला, "आई, हा विषय आता बंद." शांतपणे म्हणाला, तेच वाईट. घरी आल्यावर तिने पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. स्वयंपाकघरात गेली, चित्र काढलं, फिरवलं, टांगलं. या वेळी काही बोललीही नाही. मग दिवा लावला. ती पाठ तशीच राहिली, पानगळ झाली, थंडी आली, रिफ्का इस्पितळात गेली. मी तिथे तिला विचारलं, "सरळ करू का तिला?" ती म्हणाली, "तुझं काय भांडण आहे तिच्याशी? माझं आहे. हात लावू नकोस." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकून ऐकावं लागलं, पण चीड जशीच्या तशी होती. मला ती चीड ऐकून बरं वाटलं. वाटलं, एवढी चिडलेली बाई मरत नाही.

दफनाहून आल्यावर घर भरलेलं होतं. बायका बिनसाखरेची कॉफी फिरवत होत्या. अमगद पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ आला नाही. मी गेलो तर तो फळीसमोर उभा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने विचारलं, "बाबा, हे कोणी फिरवलं?" मी म्हटलं, आईने. "स्वतःच्या हाताने?" "मग काय माझ्या?" "केव्हा?" "ऑगस्टात. तुझ्याकडून आल्यावर." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो असा रडला की मीही रडलो, आम्ही दोघं त्या ओट्याला टेकून. मला वाटलं, त्याला कळलं. तो त्या वेळी काय समजला होता हे मला पुढे कळायचं होतं. डोळे पुसून तो म्हणाला, "बाबा, हे मी घेऊन जाऊ?" मुलाला आईची वस्तू हवी आहे, आणि तीही ही, असं मला वाटलं. मी स्वतः ती खिळ्यावरून काढून दिली. तिसऱ्या दिवशी अबूना यस्तुस, आमचे पाद्री, धूप आणि पाणी घेऊन घरी आले. त्या दिवशीच्या प्रार्थनेने माणसाचा जीव घरातून मोकळा होतो असं आमच्यात मानतात. तेरेझाने रिकामा खिळा पाहिला. "तिची मरियम कुठाय?" मी सांगितलं. तेरेझा म्हणाली, "अमगदला दिलीस? वा. उद्या मांजर दूध राखायला मागेल, तेही देशील." मी तिला गप्प केलं. म्हटलं, तो बदललाय, तू बघशील.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या सभेत रिफ्कासाठी प्रार्थना ठेवली होती. फर्निचरच्या दुकानावरचा मोठा हॉल, भिंती पांढऱ्या, एकही चित्र नाही, समोर साधा लाकडी क्रूस. तोही बारीक, चुकून राहिल्यासारखा. मात्र त्याच्या शेजारी पडद्यावर रिफ्काचा फोटो होता, दोन पुरुष उंच. तेरेझाच्या मुलीच्या लग्नातला. गळ्यात मरियमेचं पदक होतं ते फोटो कापताना कापलं गेलं होतं. मनगट मात्र गालाशी टेकलेलं होतं, त्यामुळे गोंदलेला क्रूस कापता आला नव्हता. लोक आत येताना त्या फोटोसमोर क्षणभर थांबत होते, माना खाली घालत होते. मी हे पाहिलं आणि काही म्हटलं नाही, कारण माझीही मान खाली गेली होती. गाणी झाली. त्यांचे पाळक एहाब चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. मग त्यांनी अमगदला पुढे बोलावलं. तो कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन गेला. कापड काढलं, आणि ती फळी त्याने लोकांसमोर उंच धरली. पाठ लोकांकडे. चित्र त्याच्या छातीकडे. "माझी आई तीस वर्षं या चित्राशी बोलली," तो म्हणाला. "मी तिला सांगत राहिलो, वाद घातला, तिला दुखावलं. मला वाटलं तिने ऐकलंच नाही. ती गेल्यावर मी तिच्या स्वयंपाकघरात गेलो तर हे असं होतं. तिने स्वतःच्या हाताने त्याचं तोंड भिंतीकडे केलं होतं. कोणाला न सांगता. ती जाण्याआधी मूर्तीपासून फिरली होती." हॉल एका आवाजात आमेन म्हणाला. काही बायका रडत होत्या. माझ्या शेजारचा अनोळखी माणूस माझा गुडघा थोपटून म्हणाला, "भाग्यवान आहात."

माझ्या कानांत गरम पाणी ओतल्यासारखं झालं. मी उठलो. ठरवून नाही, पायच उठले. पुढे गेलो आणि अमगदच्या हातातून फळी घेतली. लोकांना वाटलं मीही साक्ष द्यायला आलो, नवऱ्यालाही साक्षात्कार झाला. पुन्हा आमेन. पाळकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माइक माझ्या तोंडाशी धरला. आयुष्यभर मी माइकवर फक्त पुढचा थांबा सांगितला आहे. समोर सगळे चेहरे वाट बघत होते, भले चेहरे, त्यांना माझं वाईट करायचं नव्हतं. आणि बाजूला अमगद उभा होता, हात अजून उचललेले, मनगटावर तो जत्रेतला क्रूस, आणि चेहऱ्यावर तो भाव, जो शाळेचं प्रगतीपुस्तक आणताना असायचा. मला सांगायचं होतं की ती फिरली नव्हती. ती रुसली होती. लाकडावर कोणी रुसत नाही. जिच्याशी बोलणं होतं, जिच्यावर हक्क होता, जिने ऐकूनही ऐकलं नाही, तिच्यावर ती रुसली होती, आणि रोज तिच्यासाठी दिवा लावत होती. तू ज्याला शेवट म्हणतोस ते मधलं भांडण होतं, गाढवा. हे सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं. आणि त्याच्या मागोमाग पुढचं वाक्यही आलं, कारण पहिलं बोललं की लोक विचारणारच, का रुसली? मी माइकमध्ये म्हटलं, "हे माझ्या घरचं आहे." आणि फळी काखेत मारून निघालो. लोक त्यावरही आमेन म्हणाले.

जिन्यावर अमगद मागून धावत आला. "बाबा, काय झालं? काही चुकलं का माझं?" मी म्हटलं, "विचारायचं होतंस." "काय विचारायचं?" "का फिरवलं ते." तो म्हणाला, "मला माहीत आहे का ते, बाबा. मी इतकी वर्षं प्रार्थना केली त्यासाठी. मी तिच्याशी किती कठोर वागलो. ती हे करून गेली नसती तर मी कसा जगलो असतो?" खालच्या दुकानात कोणीतरी पलंग ठोकत होतं. वर दारात निरमीन जोआनाला कडेवर घेऊन उभी होती, आणि पोरगी माझ्याकडे हात करत होती. मी म्हटलं, "जॅकेट घाल, गार आहे." आणि उतरलो.

बातमी शुब्रात पोचायला वेळ लागला नाही. तेरेझा धापा टाकत जिना चढून आली. "लोक म्हणतायत रिफ्का इंजीली होऊन मेली. भाजीवाली मला विचारते, तिला तुमच्या चर्चमधून पुरलं तरी कसं? वस्फी, तुझ्या तोंडाला कुलूप लागलंय का? सांग त्याला." मी म्हटलं, "सांगितलं तर काय होईल ठाऊक आहे ना?" "रडेल. आई मेली की मुलं रडतातच." "आईमुळे रडणं वेगळं, आपल्यामुळे ती तशी गेली हे कळून रडणं वेगळं." तेरेझा म्हणाली, "आणि माझी बहीण? तिच्या नावावर काहीही खपवायचं? ती मेली म्हणून तिचं भांडणही त्यांचं?" तिने भिंतीकडे बोट केलं. मी फळी परत टांगली होती, तशीच, पाठ बाहेर. "निदान ही तरी सरळ कर." मी म्हटलं, नाही. "मग तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय? येणाराजाणारा काय समजेल?" मी म्हटलं, "काय समजायचं ते समजू दे. हे तिने केलंय. ती फिरवेल तर फिरेल." तेरेझा भांडी घासायला लागली, न सांगता, आपटत.

मी अबूना यस्तुसांकडे गेलो. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला, मिस्साला, रिफ्काचं नाव वाचायचं होतं आणि त्यांच्याही कानावर काहीबाही आलं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं, बाप्तिस्मा, मीठ-पाण्याचा उपास, चपला, दिवा. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग हसले, मायेनेच. "उस्ता वस्फी, मनाला लावून घेऊ नका. तो छापील कागद होता. त्याला मिरूनचं पवित्र तेल लागलेलं नव्हतं, बिशपांनी फुंकर घातलेली नव्हती. म्हणजे ते खरं पाहता आयकॉन, पवित्र प्रतिमाच नव्हे. त्याला फिरवलं यात पाप धरता येत नाही. बायकांचं अज्ञान असतं, देव माफ करतो. मी तुम्हाला तेल लावलेलं एक चांगलं देतो, ते लावा." मी म्हटलं, "अबूना, तिने काय माफ करून घ्यायचंय?" ते म्हणाले, "देवाच्या आईवर असा राग बरा नाही ना." मी टोपी उचलली. बाहेर आल्यावर मला थुंकावंसं वाटलं. मुलगा म्हणतो ते लाकूड होतं. पाद्री म्हणतो ते तेल न लावलेलं लाकूड होतं. दोघंही शिकलेले, दोघांनाही ग्रंथ पाठ. एकाला वाटतं ती लाकडाला भजत होती, दुसऱ्याला वाटतं ती चुकीच्या लाकडाशी बोलत होती. रिफ्का त्या स्वयंपाकघरात कोणाशी तरी बोलत होती, आणि ते कोणीतरी तिचं देणं लागत होतं, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात शिरत नाही. आज्ञेत म्हटलंय पाया पडू नको. तिच्याशी भांडू नको असं कुठे म्हटलंय ते मला दाखवा. मी रस्त्याने हे मोठ्याने बोलत होतो. शाबान असता तर म्हणाला असता, उस्ता, पुढे बघ.

चाळिसावा झाला. तिचं नाव वाचलं गेलं, इतर नावांमध्ये. अमगद आला होता, मागच्या बाकावर, धुपाचा वास आला की खोकत. आता तो दर शुक्रवारी घरी येतो. पूर्वी एवढा येत नसे. जोआनाला ओट्यावर बसवतो आणि स्वतः चहा करतो, मला करू देत नाही. तो निवळलाय. वजन वाढलंय. भिंतीवरच्या चित्रांकडे बघून त्याचा जबडा आता आवळत नाही, जणू आईने त्याच्या वतीने तो प्रश्न सोडवून टाकलाय. कधी कधी फळीसमोर उभा राहतो आणि तिच्या कडेवरून बोट फिरवतो, अगदी हलक्या हाताने. मला ते बघवत नाही. मागच्या शुक्रवारी म्हणाला, "बाबा, तुम्ही ती तशीच ठेवलीत, बरं केलंत. मला इथे आलो की शांत वाटतं." मी त्याच्या हातून कप घेतला. चहा चांगला झाला होता. जोआनाने पाय आपटत बिस्किट मागितलं, तिला दिलं. निरमीन बाहेर गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. आम्ही दोघंच होतो, आणि बोलायला त्याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी त्याला अजून एक बिस्किट पुढे केलं.

रिफ्काने चित्र का फिरवलं, हे अमगदला अजून सांगितलेलं नाही.